सेवापुस्तक

प्रा. प्रमिला नामदेव वारके, संगीत विभाग.
ओळखखूण: डाव्या भुवईवर वण. उंची पाच फूट एक.
हे अक्षर माझ्या आधीच्या बाबूचं.
मी फक्त शेवटची पानं भरली:
वेतनवाढी, रजा, दोन वेतन आयोग,
आणि चुकून जास्त गेलेल्या महागाई भत्त्याची वसुली.

वडील भुसावळच्या लोको शेडात फिटर,
ही नोंद पुस्तकात नाही.
ती त्यांनी तोंडी दिली, माझ्या टेबलाशी उभ्या राहून,
जळगावात तेव्हा शेहेचाळीस चालू होतं.
बाप शिट्टीवरून सांगायचा कोणतं इंजिन,
मी सांगायचे कोणती पट्टी.
वाफेची इंजिनं भंगारात गेली, भिकनभो,
तं घरातलं एक माणूस मुकं झालं.

मला स्वरातलं काही कळत नाही.
भजनात माझ्या हाती कुणी टाळही देत नाही.
मी कागद बघतो.

कागदावर असं आहे:
संशोधनाच्या रकान्यात त्या बंदिशी लिहायच्या.
छाननी समिती विचारायची, प्रकाशक कोण?
तीन हार्मोनियम, एक संबळ
आणि जिनिंगच्या पट्ट्याचा फटका,
या रचनेला गुण शून्य,
कारण नियतकालिकाला क्रमांक नव्हता.
(नियतकालिकही नव्हतं.)
प्रयोगाला तेवीस माणसं, वॉचमन धरून.
कुलगुरू मध्यांतरात निघून गेले.
मध्यांतर नव्हतं.

मग पान एकतीस.
विनावेतन रजा, अकरा दिवस.
अर्ज सोबत जोडला आहे, कारण:
‘एक निषाद सापडत नाही.’
साहेबांनी लाल शाईत परत पाठवला,
कारण स्पष्ट करावे.
दुसरा अर्ज, तेच वळणदार अक्षर:
‘अजूनही सापडला नाही.’
तो मंजूर झाला.
कसा, ते फायलीला माहीत नाही.
खालची सही माझी आहे, एवढं खरं.

त्या मोलगीच्या पुढे गेल्या होत्या,
सातपुड्यात, जिथे एसटी वळून परत येते.
दित्या वळवी नावाचा म्हातारा पावरी वाजवायचा,
भोपळा आणि शिंग, आणि मधे त्याचा श्वास.
त्याचा निषाद म्हणे आपल्या पेटीत बसतच नाही,
दोन पट्ट्यांच्या फटीत राहतो,
पालीसारखा.

निवृत्तीच्या दिवशी ना-देय दाखल्याला आल्या.
ग्रंथालय, निरंक. वीज, निरंक. जिमखाना,
तिथे त्या कधी गेल्याच नव्हत्या, तरी निरंक.
अडलं जडवस्तू नोंदवहीत:
तानपुरे सहा, प्रत्यक्षात पाच.
सहावा कुठे, मॅडम?
दित्याच्या नातीकडे, म्हणाल्या. वाजवते ती.
पैसे कापून घे.

पस्तीस वर्षांची नोकरी माझी.
टाचणी हरवली तरी मी पत्र काढतो.
मी नोंदवहीत लिहिलं:
वाळवी लागल्याने निर्लेखित.
शाई वाळेपर्यंत दोघंही गप्प.

मग विचारलं, तो मिळाला का,
अकरा दिवसांवाला?
त्यांनी वर बघितलं.
आमच्या आस्थापना विभागाचा पंखा,
बेअरिंग गेलेलं, तीन वर्षं कुरकुरतो,
आम्ही त्याला शिव्या देतो.
तुले ऐकू येत नाही का रे भो?
इथेच फिरतोय, म्हणाल्या. थोडा खाली आहे.
माझ्यासाठी बरा आहे.

सेवापुस्तक लेखापालांकडे गेलं,
पेन्शन चालू झाली, एक त्रुटी निघाली, ती मी मिटवली.
त्या आता भुसावळला असतात,
यार्डाच्या बाजूचं घर, असं कुणी म्हणालं.

काल वीज विभागाचा पोरगा शिडी घेऊन आला,
तेलाची कुपी, पाना, सगळं.
मी त्याला शिडी लावू दिली नाही.
लेखी द्या, म्हणाला.
दिलं.
कारणाच्या रकान्यापाशी पेन थांबलं,
वर पंखा कुरकुरत होता,
मला काही कळत नाही त्यातलं,
तरी पेन खाली ठेवून
जरा वेळ ऐकलं.